तांदळात लिहिलेलं नाव

रात्री आठच्या आत कुकर उतरलाच पाहिजे, असा आमच्या घरात २०१३ सालच्या जूनमध्ये एक नवा कायदा झाला. कायदा करणाऱ्या आमच्या सासूबाई. वय वर्षं ७९. तोपर्यंत टीव्ही म्हणजे 'डोळे फोडायचं यंत्र' असं त्यांचं ठाम मत. पण झी टीव्हीवर 'जोधा अकबर' सुरू झालं आणि काय जादू झाली कोण जाणे! आठचा ठोका पडला की बाईसाहेब वेताच्या खुर्चीत हजर. मांडीवर मोड आलेल्या वालांचं पातेलं. डोळे आग्र्याच्या महालात आणि बोटं वालांच्या सालीत. एक तासात एवढे वाल सोलून व्हायचे, की दुसऱ्या दिवशी डाळिंब्यांची उसळ ठरलेलीच. आमचे हे म्हणायचे, "अकबराने जिझिया माफ केला, पण ही उसळ काही माफ होत नाही!"

तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ही मालिका पाहिली असेल. आमेरची राजकन्या जोधा, कान्ह्याची भक्त, मनातून मोगलांचा द्वेष करणारी. राज्य वाचवायला तिचं लग्न जलालशी, म्हणजे अकबराशी, लावलं जातं. मग हळूहळू, अगदी हळूहळू, साडेपाचशेहून जास्त भागांत, २०१५ सालच्या ऑगस्टपर्यंत, त्या दोघांची मनं कशी जुळली त्याची गोष्ट. मधे जनानखान्यातली कारस्थानं, सवतीमत्सर, आणि ते दागिने! माहम अंगा झालेली अश्विनी काळसेकर पडद्यावर आली की सासूबाई पुटपुटायच्या, "मेली आपल्यातलीच ना गं? काय कपटी दिसते!" त्यांच्या लेखी ही सर्वोच्च दाद होती.

खरं सांगायचं तर मला सुरुवातीला त्या मालिकेचा रागच यायचा. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई. वर्षानुवर्षं मी अकबर शिकवला. मनसबदारी शिकवली, तोडरमलची जमीनमोजणी शिकवली, १५६३ मध्ये यात्राकर माफ झाला आणि १५६४ मध्ये जिझिया, हे मुलांकडून घोकून घेतलं. पडद्यावर मात्र सगळा मामला रुसव्याफुगव्यांचा. माहम अंगेचीच गोष्ट घ्या. लग्न झालं १५६२ च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिच्या मुलाने, अधमखानाने, वजिराचा खून केला म्हणून अकबराने त्याला गच्चीवरून खाली फेकायला लावलं, आणि त्या दुःखाने तीही त्याच वर्षी गेली. म्हणजे ही सासूसारखी बाई नव्या सुनेच्या वाट्याला आली ती जेमतेम काही महिने. मालिकेत तिने किती भाग कारस्थानं केली ते तुम्हीच मोजा!

मी हे सगळं सासूबाईंना ऐकवायची. त्या हाताने 'थांब' अशी खूण करायच्या. जाहिराती लागल्या की मग म्हणायच्या, "हां, आता बोल काय ते."

असंच एकदा लग्नाचे भाग चालू असताना, जाहिरातीत, त्यांनी मला विचारलं, "तू एवढी इतिहासाची मास्तरीण. खऱ्या लग्नात त्या पोरीला कोणी विचारलं होतं का गं?"

मला उत्तर आलं नाही. इतकी वर्षं अकबर शिकवला, पण त्याच्या लग्नाबद्दल पुस्तकात एक ओळ होती, 'राजपुतांशी सोयरीक करून त्याने राज्य बळकट केले'. त्या सोयरिकीला नाक, डोळे, मन असेल असं मला कधी सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयाची पायरी चढले.

जे सापडलं ते असं. १५६२ च्या जानेवारीत अकबर आग्र्याहून अजमेरला, ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्याला निघाला. वय १९ वर्षांचं. वाटेत सांगानेरच्या मुक्कामी आमेरचा राजा भारमल त्याला भेटायला आला. भारमल पुरता कोंडीत सापडला होता. अकबराचाच एक सरदार, शरफुद्दीन हुसेन, त्याच्या राज्याला लचके तोडत होता. भारमलचा एक मुलगा आणि दोन पुतणे ओलीस म्हणून त्याच्या ताब्यात होते. भारमलने बादशहाला मुलगी देऊ केली. अकबर अजमेरला जाऊन परत फिरला आणि परतीच्या वाटेवर सांभरला, त्या प्रसिद्ध मिठाच्या सरोवरापाशी, लग्न लागलं. ओलीस सुटले. भारमलचा मुलगा भगवंतदास आणि नातू मानसिंग बादशहाच्या चाकरीत गेले आणि आमेरचं घराणं पुढे मोगल दरबारात किती चढलं ते आपण जाणतोच.

म्हणजे बघा, तीन मुलगे सुटले आणि एक मुलगी गेली. लग्न तिच्या बापाच्या अंगणात नाही, बादशहाच्या वाटेवरच्या मुक्कामात. तिला कोणी विचारलं की नाही, हे लिहून ठेवावं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, राजघराण्यांत असंच चालायचं. खरंच आहे. आपल्या इतिहासात तरी काय निराळं? संभाजीराजांना शिर्क्यांची मुलगी केली आणि शिवाजीमहाराजांची लेक शिर्क्यांच्या घरी दिली. साटंलोटं म्हणतो आपण त्याला. राज्यं अशीच शिवली जायची आणि सुया असायच्या मुली.

पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. त्या मुलीचं नाव! अबुल फजलने अकबरनाम्यात त्या प्रवासाचे मुक्काम लिहिले, भेटीगाठी लिहिल्या, पण नवरीचं नाव लिहिलं नाही. भारमलची मुलगी, बस्स. तिचा मुलगा जहांगीर. त्याने आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात आईचा उल्लेख पुष्कळदा आदराने येतो, पण तो 'मरियम-उज्-जमानी' या पदवीने. त्या काळाची मरियम, असा त्याचा अर्थ. पुढच्या काळातल्या नोंदींत हरखाबाई, हीरकुंवर अशी नावं दिसतात. पण 'जोधा'? अकबराच्या काळच्या एकाही ग्रंथात अकबराची बायको म्हणून ते नाव नाही!

मग आलं कुठून? तर जोधपूरच्या राजाची एक मुलगी जहांगीरला दिलेली होती, शहाजहानची आई. तिला जोधबाई म्हणत. एकोणिसाव्या शतकात कर्नल टॉडने राजस्थानचा इतिहास इंग्रजीत लिहिला, त्यात ही नावांची गल्लत झाली आणि मग ती रुजली. फत्तेपूर सिक्रीला गेलात तर तिथला मोठा महालसुद्धा 'जोधाबाईचा महाल' म्हणूनच दाखवतात. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये आपल्या दुर्गाबाई खोटे जोधाबाई झाल्या. २००८ मध्ये आशुतोष गोवारीकरांनी 'जोधा अकबर' सिनेमा काढला, त्यासाठी नितीन देसायांनी आपल्या कर्जतजवळ आग्र्याचा किल्ला उभा केला. नाव पक्कंच होऊन बसलं.

त्या संध्याकाळी जाहिराती लागायची मी वाट पाहत होते. लागल्याबरोबर म्हटलं, "आई, हिचं नाव जोधा नव्हतंच मुळी. जोधबाई होती हिची सून. सुनेचं नाव सासूला चिकटलंय!"

सासूबाई वाल सोलायच्या थांबल्या. मग जे हसल्या! "सासूला सुनेचं नाव? बरी अद्दल घडली की!" हसता हसता ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाणी प्यायल्या आणि एकदम गप्प झाल्या. मालिका परत सुरू झाली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे तिचंही तांदळात लिहिलेलंच म्हणायचं."

हे वाक्य नीट कळायला तुम्हाला आमच्या घरची एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

माझं लग्न झालं १९७८ साली. माप ओलांडून घरात आले. लक्ष्मीपूजनाला बसलो. ताटात तांदूळ पसरलेले. भटजींनी सांगितल्याप्रमाणे ह्यांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. पेढे वाटले गेले. ते नाव ह्यांनी निवडलं नव्हतं, सासूबाईंनी निवडलं होतं. माझं माहेरचं नाव माझ्या आजीने ठेवलेलं. बावीस वर्षं मी त्या नावाला 'ओ' दिली होती. त्या नावाने परीक्षा दिल्या होत्या, मैत्रिणींनी त्या नावाने पत्रं लिहिली होती. ते एका मिनिटात पुसलं गेलं. पुढे कितीतरी दिवस कोणी हाक मारली की मी बघतच राहायची. "अगं, तुलाच!" असं दोनदोनदा म्हणायला लागायचं. 'सूनबाई ऐकायला कमी येतं का?' असं शेजारच्या काकूंनी विचारलंसुद्धा होतं.

वरकरणी काही बोलले नाही. आपल्याकडे कोण बोलायचं तेव्हा? पण मनात एक खडा राहिला. भाताच्या घासात खडा लागावा ना, तसा. सासूबाईंनी मला छळलं नाही, उलट फार केलं माझं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला बी.एड.ला जायचं होतं, घरात पैशांची ओढ. सासूबाई घरी मेतकूट, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड करून विकायच्या. त्या पैशांचा डबा त्यांनी माझ्यापुढे पालथा केला. म्हणाल्या, "फी भर. आणि तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस एवढ्यात." नाव हिनेच घेतलं आणि पदवीही हिनेच दिली. अशा माणसावर धड रागावता येत नाही, आणि राग जातही नाही.

तर त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "तुला राग आला होता ना, नाव बदललं तेव्हा?"

३५ वर्षांनी! मी काय बोलणार? म्हटलं, "आला होता."

"मला दिसत होतं," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू का? मला माझ्या लग्नात कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे सुनेला विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं."

मी मटकन खाली बसले. कारण माझ्या डोक्यात त्या क्षणी आलं, की ह्या बाईचंही एक नाव असणार! सोळाव्या वर्षी, १९५० साली, राजापूरकडच्या एका खाडीकाठच्या गावातून ही मुलगी ह्या घरात आली. त्याआधी सोळा वर्षं तिला कोणीतरी काहीतरी म्हणून हाक मारत असेलच ना! आणि मी, जिला स्वतःच्या नावाचं एवढं दुःख, तिने ३५ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, "आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?" माझा खडा कुरवाळत बसले होते. त्यांच्या घासातही तसाच एक असेल, हे मनात आलं नाही.

मी विचारलं. त्यांनी सांगितलं. साधंच नाव होतं, दोन अक्षरी. पण सांगताना त्या लाजल्या, अगदी नव्या नवरीसारख्या. वर म्हणाल्या, "माझे वडील गेल्यापासून कोणी त्या नावाने हाक मारली नाही बघ."

मालिका कधीच संपली होती. पातेल्यात अर्धे वाल तसेच होते.

त्यानंतर आमच्या दोघींचा एक नेमच झाला. मालिकेतली जोधा त्या बघायच्या आणि जाहिरातींत मी त्यांना खरी सांगायची. सगळ्यात आवडली ती जहाजाची गोष्ट. मरियम-उज्-जमानीचं स्वतःचं जहाज होतं हो! 'रहिमी' नाव त्याचं. सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जायचं, माल घेऊन आणि हजचे यात्रेकरू घेऊन. म्हणजे आमेरची राजपूत मुलगी यात्रेकरूंना मक्केच्या वाटेला पोचवत होती आणि व्यापारही करत होती. नीळ खरेदी करायला तिचे गुमास्ते बयान्याच्या बाजारात उतरायचे. लाहोरला तिच्या नावाची मशीद आहे, १६११ ते १६१४ या काळात बांधलेली.

१६१३ मध्ये पोर्तुगीजांनी हे जहाज पकडलं. त्यांचाच परवाना जहाजावर असताना! शेकडो यात्रेकरूंसकट ते गोव्याला नेलं. तेव्हा तिच्या लग्नाला ५१ वर्षं झाली होती, मुलगा गादीवर होता. जहांगीर असा खवळला, की त्याने दमणला वेढा घालायला फौज पाठवली आणि आग्र्यातलं पाद्र्यांचं चर्च बंद करवलं. एका म्हातारीच्या जहाजासाठी दोन सत्ता एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

सासूबाई खाडीकाठच्या. जहाज म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गलबतच. म्हणाल्या, "हे का नाही दाखवत गं टीव्हीवर? नवऱ्याशी रुसली, नवऱ्याशी बोलली, हेच किती दिवस बघायचं? हिचं गलबत दाखवा म्हणावं!"

मी हसून म्हटलं, "तुमचाही मेतकुटाचा डबा होता की!"

"होता," त्या म्हणाल्या. "आणि तो कोणी पकडला नाही."

त्या सुमारास सिनेमावरून आणि मालिकेवरून झालेली भांडणंही मी वाचली. राजस्थानात काही संघटनांनी जोरदार विरोध केला होता. २००८ मध्ये तिथे सिनेमागृहांत चित्रपट लागू शकला नाही. आमची मुलगी दिलीच नव्हती, असं कोणी म्हणे. ती अकबराची नव्हे, जहांगीरची बायको, असं कोणी म्हणे. नावाबद्दल त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण सगळं भांडण अब्रूचं. कोणाची मुलगी, कोणाची बायको, कोणाची आई. तिला स्वतःला काय वाटलं असेल, सांभरच्या त्या तंबूत पहिल्या रात्री ती रडली असेल का, नव्या मुलखातली भाषा तिला कधी आपली वाटू लागली, यावर दोन्ही बाजूंनी अवाक्षर नाही.

मालिकेने निदान तेवढं तरी केलं, असं मला आता वाटतं. चुकीच्या नावाने का होईना, तिला बोलायला लावलं. खोटे प्रसंग रचले, पण त्या प्रसंगांत ती 'नाही' म्हणाली, रागावली, आपला देव घेऊन आली. देवाचं तर अगदीच खोटं नाही. हिंदू राण्यांना महालात आपली पूजाअर्चा करता यायची, खुद्द अकबर त्यांच्या होमहवनाला बसायचा, अशी त्याच्याच दरबारातल्या बदायूनीने तक्रार करून ठेवली आहे! आणि ती बोलली म्हणून आमच्या घरातल्या दोन बायका एकमेकींशी बोलल्या. नाहीतर तो खडा आम्ही दोघींनी आपापल्या घासात तसाच गिळला असता.

पुढचं थोडक्यात सांगते. मी एकदा त्यांना माहेरच्या नावाने हाक मारून पाहिली. त्या दचकल्या. मलाही कसंसंच झालं. दोघी हसलो आणि 'आई' वर परत आलो. त्यांनीही मला माझ्या जुन्या नावाने हाक मारून पाहिली. त्यांच्या तोंडी ते परक्याचं वाटलं. इतक्या वर्षांनी नवंच नाव खरं झालं होतं. मरियमचंही तसंच झालं असेल. १६२३ मध्ये ती आग्र्यात वारली आणि सिकंदऱ्याला अकबराच्या कबरीजवळच तिला पुरलं. त्या कबरीलाही ओळख आहे ती पदवीचीच.

सासूबाई २०१७ मध्ये गेल्या. त्यानंतर वर्षभराने आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची म्हणून छापील अर्ज घरी आला. जुन्या आवृत्तीत सासूबाईंची नोंद एका ओळीची, सासरच्या नावाची. नव्या अर्जात एक रकाना होता, 'पत्नीचे माहेरचे नाव'. आमचे हे अर्ज भरत होते. तिथे येऊन पेन थांबलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "आईचं माहेरचं नाव काय होतं गं?"

पोटच्या मुलाला माहीत नव्हतं!

मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात दोन अक्षरं लिहिली. खालच्या ओळीत माझंही लिहिलं. शाई वाळेपर्यंत कागद तसाच धरून ठेवला.

ते नाव मी इथे तुम्हाला सांगत नाही. सासूबाईंनी बजावलं होतं, "तू लिहितेस बिहितेस, छापून टाकशील कुठेतरी!" त्यांना दिलेला शब्द मोडवत नाही. पण मैत्रिणींनो, तुमच्या घरातही एखादी सासू, आजेसासू, मावशी, काकू असेलच. आज रात्री टीव्हीवर जे काही लागलं असेल, त्यात जाहिराती येतीलच. आवाज थोडा कमी करा, हातातलं काम खाली ठेवा आणि तिला विचारा, तुमचं माहेरचं नाव काय हो? आणि तिने सांगितलं की उठून कुठेतरी लिहून ठेवा. तांदळात नको, वहीत.